पहिल्या वळणावरची लाल गाडी

"गाडीला बाहेरून काय काय बसवलंय तेवढं बघ आणि दावा नाकारून मोकळी हो," साहेबांनी फोनवर सांगितलं. "बाईनं स्पोर्ट्स कार घेतली, नटवली, उतारावर पळवली आणि भिंतीवर नेऊन आदळली. यात शोधायचं काय?"

"मग मला कशाला पाठवताय?"

"तुझी सही लागते म्हणून." साहेबांनी फोन ठेवला.

आदळलेल्या गाड्या तपासायच्या आणि विमा कंपनीला कारण कळवायचं, हे तिचं काम. कचेरीत तिला मागून 'भिंग' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

लाल गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, नाक पार आत गेलेलं. भिंग सतरंजी टाकून तिच्याशेजारी बसली.

टायर बदललेले होते. नावाजलेले नव्हते, पण रस्त्याला घट्ट धरणारे. पहिला पैसा टायरवर घालायचा हे ज्याला कळतं, त्यानंच निवडलेले. स्प्रिंगा नव्या, मधल्या किमतीच्या. चालकाची सीट जुन्या बाजारातली, पण अंगाला जखडून ठेवणारी. मागे पंख नाही, भोंग्यासारखा एक्झॉस्ट नाही, दारावर चित्रं नाहीत. जिथं वेग वाढतो किंवा जीव वाचतो, तिथंच खर्च केलेला. मालकीण तिला न भेटताच आवडली.

मग चाकांकडे लक्ष गेलं. प्रत्येक नटावरून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढलेली होती. मागच्या चाकांवर रेघा सरळ. पुढच्या दोन्ही चाकांवर त्या मोडलेल्या, नटावरची रेघ एकीकडे, चाकावरची दुसरीकडे.

तिनं पुढची चाकं उतरवायला लावली. ब्रेकचे पॅड रेसिंगचे होते, बाजारात मिळणारे सगळ्यात महागडे. कडेचा रंग कोराकरकरीत, घासणाऱ्या बाजूवर जेमतेम ओरखडे.

ती त्या पॅडकडे बराच वेळ बघत राहिली. या गाडीत ते शोभत नव्हते.

*

गॅरेजवाल्याला सगळे वस्ताद म्हणत. भिंगनं ओळख सांगितली तसा तो पाना खाली न ठेवताच म्हणाला, "तुम्ही लोक आलात की समजायचं, कुणाच्या तरी गळ्यात घालायचंय."

"अपघाताच्या आदल्या दिवशी गाडी तुमच्याकडे होती?"

"होती. संध्याकाळी घेऊन गेली."

"काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती. कुठल्याशा शर्यतीच्या संघात निवड करणार होते. सगळं तपासलं, चाकं आवळली, पिवळी खूण केली, स्वतः चालवून पाहिली. ब्रेक झकास होते."

"पॅड कुठले होते?"

"तिचे तिनं आणलेले. माझ्याकडून कधी काही घेतलंय तिनं? महिना महिना चौकशी करायची, दहा दुकानं पालथी घालायची आणि सामान बाहेरून आणून माझ्यापुढं टाकायचं. मला नुसती मजुरी." तो चिडूनच बोलत होता. "पण आणायची नेमकं. मधल्या दर्जाचे पॅड होते. रस्त्यावर चालतील, शर्यतीच्या मैदानावरही चालतील."

"तुमचं तिच्याशी भांडण होतं?"

"होतं. आता मला आत टाका."

"चाकांवरच्या तुमच्या रेघा मोडल्यात."

वस्तादनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मी चाक खोललं तर बंद करताना पुन्हा रेघ मारतो. झोपेतसुद्धा मारीन."

*

मालकिणीचं घर टेकडीच्या माथ्यावर होतं. खाली गाडी ठेवायची खोली, वर राहायची जागा. दारातून निघालेला रस्ता तीव्र उतारानं जाऊन दगडी भिंतीशी वळत होता. भिंतीवर लाल रंग अजून खरवडलेला दिसत होता.

सासूबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी भिंगला बसायला सांगितलं नाही.

"विमा द्या नाहीतर देऊ नका, बाई. ती गाडी परत या घरात यायला नको."

"तुमचं सुनेशी पटत नव्हतं?"

"नाही पटत. कॉलेजात गणित शिकवायची चांगली नोकरी, ती सोडून गाड्या पळवायला परगावी राहायला निघाली होती. कुणाला आवडेल?" त्यांनी एक टॉवेल झटकला. पांढराशुभ्र असावा, पण मधोमध काळे डाग होते. "हे बघा. खालच्या न्हाणीघरातला नवाकोरा टॉवेल. अपघाताच्या सकाळी तिथं असा पडलेला. कितीदा धुतला, निघत नाही. त्या गाडीची काजळी घरभर."

"आदल्या रात्री तुमची सून काय करत होती?"

"झोपली होती. लवकर जेवली आणि झोपली. चाचणी होती ना राणीसाहेबांची."

"आणि बाकीचे?"

"मी आणि धाकटा टीव्ही बघत होतो. थोरला जेवायला बाहेर होता, कामाच्या लोकांबरोबर. आला तो सरळ झोपायला गेला म्हणतो."

धाकटा, म्हणजे मालकिणीचा दीर, दारात येऊन उभा राहिला होता. त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. अपघाताच्या आठवडाभर आधी जिन्यावरून पडला होता. त्याचीही स्पोर्ट्स कार बाजूला उभी होती. पाठीवर टेबलाएवढा पंख, सोनेरी चाकं, मागून तोफांसारखे दोन एक्झॉस्ट.

"छान आहे गाडी," भिंग म्हणाली.

"माझ्या नुसत्या एक्झॉस्टच्या पैशात वहिनीची अख्खी गाडी सजली होती."

"तरी मैदानावर ती तुमच्या पुढं असायची, असं ऐकलं."

त्याचा चेहरा उतरला. "एकदोनदा. लोकांना हसायला तेवढं पुरलं."

"तुम्ही गाडीचं काम स्वतः करता?"

"मी? मी बोल्टला हात लावत नाही. त्यासाठी माणसं आहेत."

"ब्रेक रेसिंगचे आहेत तुमचे?"

"आहेत. पण पहिल्या दोन फेऱ्या मी जपून मारतो. गरम झाल्याशिवाय त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही कुणी." त्यानं डोळे बारीक केले. "का विचारताय? मी काही केलं असं म्हणायचंय का?"

"अजून काहीच म्हणायचं नाही."

"मग निघा."

*

सगळ्यांत एक नवराच तेवढा नीट बोलला. तो घरांच्या आतली सजावट करून द्यायचा. इस्पितळाच्या बाहेरच्या खोलीत त्यानं भिंगला खुर्ची पुढं केली.

"मॅडम, इथली सगळ्यात चांगली खोली घेतलीय तिच्यासाठी. सगळ्यात चांगला डॉक्टर. मी हलकी वस्तू घरात येऊ देत नाही. तिला मात्र सगळं मोजूनमापून, काटकसरीनं. गाडीच्या बाबतीतसुद्धा. मी म्हणायचो, घ्यायचं तर उत्तमच घे."

"तुम्हाला गाड्यांतलं कळतं?"

"शून्य. बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही."

"ती परगावी जाणार होती. तुमची हरकत नव्हती?"

"तिचा आनंद तो माझा आनंद." त्यानं डोळे टिपले.

आत ती पडून होती. कंबरेचं हाड मोडलेलं, चेहरा सुजलेला. अपघातानंतर नुकतीच नीट शुद्धीवर आली होती.

"दावा नाकारायला आलात ना?" ती म्हणाली. "नाकारा आणि जा."

"एकच सांगा. पेडल दाबलंत तेव्हा ते खाली गेलं?"

"नाही." तिनं छताकडे पाहिलं. "दगडासारखं कडक होतं. दोन्ही पायांनी उभी राहिले त्याच्यावर. गाडी थांबलीच नाही."

"घरून निघाल्यावर पहिल्यांदा ब्रेक कुठं लावलात?"

"त्याच वळणावर. रोज तिथंच लावते. वस्तादचं चुकलं असेल तर मला सांगू नका. म्हातारा रडेल."

भिंग बाहेर आली आणि तिनं फौजदारांना फोन केला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे त्याच खोलीत जमले. सासूबाई खिडकीशी, धाकटा भिंतीला टेकून, वस्ताद दाराजवळ अवघडून उभा. नवरा पलंगाशेजारी बायकोच्या उशीवर हात ठेवून बसला होता. फौजदारांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या मते प्रकरण अतिवेगाचं होतं आणि संपलेलं होतं.

"कारण सापडलं," भिंग म्हणाली. "ब्रेकचे पॅड. हलका, स्वस्तातला माल."

"तोंड सांभाळून बोला," वस्ताद म्हणाला.

"मी पारखून घेतले होते," पलंगावरून आवाज आला.

धाकटा हसला. "तिचं सगळं तसलंच."

भिंग नवऱ्याकडे वळली. "मला तुमचंच नवल वाटतं. घरात हलकी वस्तू येऊ देत नाही म्हणालात. आणि बायकोच्या जिवाची बाब अशा टाकाऊ मालावर सोडलीत? लोक काय म्हणतील?"

त्याचे कान लाल झाले. "टाकाऊ? रेसिंगचे पॅड होते ते. त्याच्यावरचं बाजारात काही मिळत नाही."

फौजदारांनी घड्याळावरची नजर काढली.

"खरं आहे," भिंग म्हणाली. "पण हे मी, पोलीस आणि ज्यानं ते बसवले तो, एवढ्यांनाच माहीत आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हिनंच सांगितलं असेल."

"मी रेसिंगचे पॅड कधी घेतलेच नाहीत," ती म्हणाली आणि मान वळवून त्याच्याकडे बघू लागली.

"नाहीच घेणार त्या," भिंग म्हणाली. "गाडी बघताना मला तेच खटकलं. प्रत्येक वस्तू विचार करून घेतलेली, एकही गरजेपेक्षा महाग नाही. आणि मधेच हे पॅड. दुसऱ्या कुणीतरी आणलेले. वस्तादनी गाडी दिली तेव्हा जुने पॅड होते आणि ब्रेक लागत होते. त्यानंतर पुढची चाकं कुणीतरी उतरवली, म्हणून रेघा मोडल्या. नवे पॅड जेमतेम घासलेले होते, म्हणजे त्यांच्यावर गाडी घरापासून त्या वळणापर्यंतच चालली. काम घरातच झालं, त्याच रात्री."

"पण चांगलेच पॅड होते ना?" फौजदारांनी विचारलं. "मग गाडी थांबली का नाही?"

"कारण ते थंड होते. रेसिंगचे पॅड तापल्यावर जबरदस्त धरतात. गार असताना, त्यातून कोरे असताना, जवळपास धरतच नाहीत. पेडल कडक लागतं आणि गाडी सरकत राहते. खोक्यावर तसं छापलेलं असतं. वाचायला मेकॅनिक असावं लागत नाही. घरातून निघायचं, उतार, आणि पहिल्याच वळणावर भिंत. याहून सोयीची जागा कुठली? उद्या तपासणी झाली तरी म्हणता येतं, माल तर अस्सल होता. तेल काढलं असतं, नळी कापली असती तर लगेच दिसलं असतं."

"माझ्याकडे कशाला बघताय?" धाकटा म्हणाला. कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

"प्लास्टरमधल्या हातानं चाक उतरत नाही," भिंग त्याला म्हणाली. "वस्ताद खूण विसरत नाहीत. मालकीण झोपली होती. उरले जेवून उशिरा आलेले, सरळ झोपायला गेलेले. आणि सजावटीच्या कामात पाना-पक्कड रोजचीच."

"हे सगळं हवेतलं आहे," नवरा म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता. "मी गाडीच्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. सिद्ध करा."

भिंगनं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना काही विचारायचं तिनं ठरवलेलं होतं, पण विचारावं लागलं नाही. म्हातारी स्वतःच उठली होती.

"तू वर झोपायला आलास तेव्हा मी पाणी प्यायला उठले होते," त्या मुलाला म्हणाल्या. "खालच्या न्हाणीघरातून बाहेर आलास. मला म्हणालास, हात धुतले, हॉटेलातलं तेलकट होतं. सकाळी तो टॉवेल सापडला. मी हिच्या नावानं बोटं मोडत धूत बसले. काल या बाईंनी विचारलं, सून काय करत होती, आणि मीच म्हणाले झोपली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय."

"आई, गप्प बस."

"का केलंस?"

तो बायकोकडे न बघता बोलला. "थोडी घाबरली असती, एवढंच. बंपर घासला असता, चाचणी चुकली असती. परगावी जाणार होती. मला विचारलंसुद्धा नाही, सांगितलं. लोक मला काय म्हणून ओळखायला लागले होते? तिचा नवरा म्हणून. सगळ्यात चांगले पॅड घेतले होते मी. साधे नाही."

"हात काढ," ती म्हणाली.

त्याचा हात अजून तिच्या उशीवर होता. त्यानं तो काढला. फौजदारांनी त्याला उठवलं आणि दाराबाहेर नेलं. धाकटा "वकील, वकील" म्हणत त्यांच्या मागे गेला. वस्तादनं तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि तोही गेला.

"दाव्याचं काय?" तिनं भिंगला विचारलं.

"मी मंजूर म्हणून लिहिणार. साहेब ओरडतील. ओरडू देत."

सासूबाई अजून खिडकीशीच उभ्या होत्या. सून त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मी तुमचे आभार मानणार नाही."

"मागितलेत कुणी? मला तू आवडत नाहीस, अजूनही नाही." म्हातारीनं खुर्चीवरची पिशवी उचलली. "माझा मुलगा आहे तो. त्यानं केलेलं मी नाही सांगायचं तर कुणी सांगायचं?"

"आता तुम्ही जा, आई."

"जाते. उद्या येते."

"येऊ नका."

"येणार," सासूबाई म्हणाल्या आणि दार लोटून निघाल्या.