दोन चाळीसची सही

“मागे बसा, मावशी.”

“मागे चोर बसतात.”

“नियम आहे तसा.”

“नियम मला नका शिकवू. चार महिने तुमच्या बाकावर बसून नियमच पाठ केलेत मी.” एवढं बोलून तिनं जीपचं पुढचं दार उघडलं, पिशवी मांडीवर घेतली आणि ऐसपैस बसली. हवालदार दार धरून उभाच राहिला. ठाण्याच्या खिडकीतून चौघांनी पाहिलं आणि चौघांनीही माना वळवल्या.

ही गोष्ट ड्रायव्हरकाकांनी नव्या भरतीच्या पोरांना सांगितली. ठाण्यामागच्या ओट्यावर, अंधार पडल्यावर, वीज गेलेली असताना. पोरं कुरकुरत होती. गस्तीच्या प्रत्येक खांबावर आता कोड चिकटवलाय, त्याच्यासमोर मोबाइल धरल्याशिवाय हजेरी लागत नाही, म्हणजे आमच्यावर कुणाचा विश्वासच नाही, असं त्यांचं म्हणणं. काका म्हणाले, विश्वास होता तेव्हा काय झालं ते ऐका. ज्याच्यावर बेतलं तो हवालदार अकरा वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसला. त्या रात्री तेवढा मी रजेवर होतो, म्हणून गाडी त्याच्याच हातात होती.

रात्र नोव्हेंबरातल्या दुसऱ्या बुधवारची. निघाले तेव्हा पावणेअकरा.

तेव्हा गस्तीच्या नऊ पेट्या होत्या. वीतभर पत्र्याची पेटी भिंतीला ठोकलेली, आत दोऱ्यानं बांधलेली वही. पोलिसानं यायचं, वेळ लिहायची, काय दिसलं ते लिहायचं, सही ठोकायची. रात्रीतून तीन फेऱ्या. शेवटच्या पेटीच्या वेळा होत्या अकरा दहा, दोन चाळीस आणि पाच. आता खरी गंमत अशी, की पहिल्याच फेरीला तिन्ही सह्या उरकायच्या आणि उरलेली रात्र पेट्रोलपंपामागे काचा वर करून घोरत काढायची. सगळेच करायचे. हवालदाराची सही मोत्यासारखी, वेळ मिनिटाला धरून, म्हणून त्याला ठाण्यात ‘बिनचूक’ म्हणायचे. काकाही त्याच जीपमध्ये घोरायचे. हे त्यांनी पोरांपासून लपवलं नाही.

शेवटची पेटी मावशीच्या लेकीच्या घराच्या कुंपणाला होती.

मावशी शिवणकाम करायची. गल्लीत तिला ‘कात्री’ म्हणत, आणि ते शिवणावरून नव्हे. लेकही तिच्याकडेच शिकलेली. जुलैतल्या एका रात्री लेक घरात मेलेली सापडली. डोक्याला मार, अंग दारापर्यंत फरपटत आलेलं, डावा हात कडीकडे. रात्री कापड आखत बसली होती, म्हणून बोटांना शिवणाचा निळा खडू. शेजारची म्हातारी म्हणाली, अडीचला किंकाळ्या ऐकल्या. पण जावई तीनला, पंचवीस मिनिटांवरच्या कारखान्यात हजर होता. आणि पोलिसांची वही सांगत होती, दोन चाळीस, दार बंद, दिवा बंद, सर्व ठीक. म्हणजे जे झालं ते दोन चाळीसनंतर झालं. म्हणजे जावई मोकळा. म्हातारीच्या कानांपेक्षा वहीचे डोळे मोठे ठरले.

मावशी तेव्हापासून रोज सकाळी ठाण्यात येऊन बसायची. पंचनाम्यातल्या चुका मोजून दाखवायची. ओळखीची खूण म्हणून तीळ लिहिलाय, तो तिला नव्हताच, आणि जी खूण होती ती तुमच्या एकालाही दिसली नाही, असं साहेबांना तोंडावर सांगायची. शेवटी साहेब कंटाळले. गुरुवारी कोर्टात हवालदाराची साक्ष. आदल्या रात्री ते म्हणाले, बाई, एक रात्र गस्तीबरोबर फिरा. माणसं कशी राबतात ते बघा आणि मग आम्हाला सोडा.

तर अशी ती पुढच्या सीटवर.

पहिल्या पेटीशी हवालदारानं वही उघडली, तशी ही बॅटरी घेऊन खांद्यामागे हजर. त्यानं एक सही केली. ती म्हणाली, बाकीच्या दोनही करून टाका की, हात सवयीचा आहे. तो म्हणाला, मावशी, तोंड सांभाळा. ती म्हणाली, मी तोंडच सांभाळलंय, म्हणून ते अजून चालतंय.

पेटीमागून पेटी हेच. तो म्हणायचा, मी त्या रात्री आलो होतो. ती म्हणायची, नव्हता. तो म्हणायचा, दार स्वतः पाहिलं. ती विचारायची, मग दाराचा रंग सांगा. तो गाडी पुढच्या पेटीकडे दामटायचा. तो म्हणाला, वरिष्ठांनी चौकशी केली, संपला विषय. ती म्हणाली, वरिष्ठांनी वही वाचली, माझी लेक नाही वाचली. गाडीत हीटर नव्हता, तरी त्याची कॉलर घामानं भिजली.

अकरा दहाला शेवटच्या पेटीशी त्यानं एक ओळ भरली. घर बंद. दाराला ठाण्याचं कुलूप, वर लाखेचं सील. विजेचं मीटर जुलैतच काढून नेलेलं. दार हिरवं होतं. ते त्यानं आज पाहिलं.

मग फेऱ्या. चहा नाही, डुलकी नाही. बाजूला ती जागी, तर हा कसला झोपतो. दीड वर्षांत नोकरी संपणार होती. खरं बोललो तर आजच संपते, हे त्याला कळत होतं. खोटं बोललो तर उद्या जावई सुटतो, हेही कळत होतं. काका म्हणाले, पोरांनो, माणूस वाईट नव्हता. झोपाळू होता. पण झोपेनं तिथं जीव गेला होता.

दुसऱ्या फेरीला जीप त्या गल्लीत वळली. दोन सदतीस.

मावशीनं भांडण थांबवलं. अकरा वाजल्यापासून पहिल्यांदा.

कुत्रंही नव्हतं रस्त्यावर. त्यानं इंजिन बंद केलं. वही काढली. पेन काढलं. सवयीनं हात लिहायला लागला... दार बंद, दिवा बं...

त्यानं मान वर केली.

खिडकीत उजेड होता.

“शेजारचा असेल,” तो म्हणाला.

“त्या बाजूला शेजार नाही.” ती जागची हलली नाही. काचेतून समोर बघत राहिली. “दोन चाळीस झाले. आज तरी जा.”

अहोजाहो संपलं होतं.

तो गेला. डाव्या हातात बॅटरी. फाटक. तीन पायऱ्या. कुलूप होतं. सील होतं. लाख शाबूत. आणि दाराखालच्या फटीतून उजेड पायापर्यंत आलेला.

आत काहीतरी फरपटलं.

थांबलं.

पुन्हा फरपटलं... जवळ.

तो म्हणायला गेला, कोण आहे.

आतून बाईचा आवाज आला. हळू. दाराला तोंड लावून बोलावं तसा.

“पोलीस?”

त्यानं उजव्या हातानं कुलूप चाचपलं.

“पोलीस का?... वहीवर सही झाली?”

हिरवं दार. बंद. कुलूप. सील. हे सगळं त्यानं नंतर शपथेवर सांगितलं. दार उघडलं नाही. फळी हलली नाही. तरीही त्याचा उजवा हात मनगटाच्या वर कुणीतरी धरला. गच्च. बुडणारा धरतो तसा.

...

मग उजेड गेला. हातावरची पकड गेली.

जीपपर्यंत तो कसा आला ते त्याला आठवत नाही. चावी फिरत नव्हती. आणि काकांनी इथं पोरांकडं एकेक करून बघितलं. एवढं झाल्यावरही तो माणूस काय म्हणाला असेल?

तो म्हणाला, “कुणी नाही. सगळं बंद आहे. सर्व ठीक.”

पुढच्या सीटवर मावशीनं बॅटरी उचलली.

काका म्हणाले, सकाळी आठला तो साहेबांच्या टेबलासमोर उभा होता. कोर्टात त्यानं एकेक शब्द खरा सांगितला. पंपामागची झोप, एका हातानं मारलेल्या तीन सह्या, सगळं. न्यायाधीशांनी विचारलं, आजवर का बोलला नाहीत? तर म्हणाला, कुणी हात धरून विचारलं नव्हतं. नोकरी गेली. जावई आत गेला. जुलैत गाडी कोण चालवत होतं हे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीही जबाब दिला. घराचं दार मग पंचांसमोर उघडलं. सील जसंच्या तसं. आत चार महिन्यांची धूळ, आणि धुळीत एक पाऊल नाही.

खाकी शर्ट त्यानं जाळला नाही. त्याच्या बायकोनं तो सोड्यात भिजवला, घासला, उन्हात टाकला. मी स्वतः पाहिलाय. आजही तसाच आहे.

एका पोरानं विचारलं, काय तसाच आहे?

काका म्हणाले, तेच सांगतो. गाडीत तो ‘सर्व ठीक’ म्हणाला ना, तेव्हा मावशीनं बॅटरी लावली. त्याच्या तोंडावर नाही. उजव्या बाहीवर. बाहीवर शिवणाच्या निळ्या खडूची पाच बोटं उमटली होती. चार सरळ. एक आडवं, कोयत्यासारखं वळलेलं. तिनं बॅटरी जवळ नेली. बोट लावलं नाही, नुसतं पाहिलं. जुलैपासून चाललेलं ते भांडण तिथं संपलं. ती रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली,

“ही करंगळी लहानपणी माझ्याच मशीनखाली सापडली होती.”