जावईबापू कोरडेच बाहेर आले

या पेजवरच्या गोष्टी मी वाचते. पांढरे कपडे, उलटे पाय, रडणारी कुत्री...

वाचून हसू येतं. लिहिणाऱ्यांची कीवही येते.

मी कोर्टात टायपिंग करते. शपथ घेऊन खोटं बोलणारी माणसं रोज ऐकते. त्यामुळे पुढचं सगळं खरं आहे, एवढंच एकदा सांगते. पटत नसेल तर वाचू नका. माझं काही अडलेलं नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. लख्ख ऊन.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही डोंगरावरच्या एका हॉटेलात गेलो होतो. मी, माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा. त्याला घरात सगळे जावईबापू म्हणायचे. कौतुकाने नाही.

हा माणूस पोहायचा म्हणजे गावाला कळायचं. हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात तो उतरला की बाकीचे बाहेर. हात आपटायचा, पाय आपटायचा आणि दर श्वासाला नाकातोंडातून आवाज काढायचा.

फुर्रर्र... फुर्रर्र...

म्हशी बऱ्या. त्या निदान दुसऱ्याला शिकवायला जात नाहीत.

बहीण काठावर बसलेली असायची. तिच्याकडे बोट दाखवून तो अनोळखी लोकांना सांगायचा, "ही बघा. साधा पाय बुडवायला घाबरते. हिच्यासोबत संसार म्हणजे माझीच कमाल."

लोक हसायचे. ती टॉवेलचा सुटलेला दोरा ओढत बसायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हे डबकं आहे. मला तळ्यात पोहायचंय."

तळं हॉटेलच्या खाली, झाडीत होतं. काठावर पाटी होती. पोहू नये. मॅनेजरनेही सांगितलं, "साहेब, तिथे नका उतरू. आम्ही कोणी उतरत नाही."

"तुम्हाला येत नसेल," जावईबापू म्हणाले.

आम्ही दोघी काठावर बसलो. तो उतरला.

फुर्रर्र... फुर्रर्र...

आवाज मधोमध गेला. मी संत्रं सोलत होते.

आणि आवाज थांबला.

मी वर बघितलं. पाणी सपाट. एक तरंग नाही.

इतका वेळ हात आपटत गेलेल्या माणसामागे एक तरंगही नाही...

बुडाला, असं वाटलं. आणि खरं सांगते, आधी हायसं वाटलं. मग मी उठून हाका मारल्या. एकदा, दोनदा. बहीण बसूनच होती.

"निघायचं का?"

आवाज मागून आला.

तो आमच्या पाठीशी उभा होता. झाडांच्या बाजूला.

केस कोरडे. पोहायची चड्डी कोरडी. पायाखालची माती कोरडी.

"तुम्ही बाहेर कधी आलात?" मी विचारलं.

"आत्ताच, ताई."

ताई...

सात वर्षांत तो मला कोर्टबाई सोडून दुसरं काही म्हणाला नव्हता.

बहिणीने टॉवेल पुढे केला. त्याने घेतला आणि घडी घातली. कडेला कड जुळवून. आंघोळीचा ओला टॉवेल पलंगावर फेकणारा माणूस हा.

चढावर तो पुढे, मी मधे, बहीण मागे.

संध्याकाळी जेवताना त्याने बहिणीला विचारलं, "तुला काय आवडेल?" ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग लाजली. मला तिचा राग आला. इतक्या स्वस्तात विरघळायचं?

सकाळी तो हॉटेलच्या तलावाशी खुर्चीत बसला होता. हात मांडीवर. मॅनेजर म्हणाला, "साहेब, आज पाण्यात नाही?"

"मला पोहता येत नाही," तो शांतपणे म्हणाला.

मॅनेजर हसला. त्याला विनोद वाटला. ज्याला त्याला अक्कल असतेच असं नाही.

मी तशीच खाली तळ्यावर गेले.

कोणी नव्हतं. पाणी काचेसारखं. पक्षीसुद्धा नाही.

मी स्वतःलाच शिव्या दिल्या आणि वळले.

फुर्रर्र...

मधोमधून आला.

पाणी हललं नाही. पुन्हा आला. दमलेला. पोहून पोहून हात गळून गेलेल्या माणसाचा येतो तसा.

आणि मग काठाच्या दिशेने सरकायला लागला...

मी धावत वर आले. बहीण खोलीत बॅग भरत होती. मी दार लावून सगळं सांगितलं. म्हटलं, "ते तिथे आहेत. अजून पाण्यात आहेत. खाली बसलाय तो कोण आहे?"

तिने साडीची पिन डबीत ठेवली.

"मलाही ऐकू आलं, ताई," ती म्हणाली. "काल. आपण चढत होतो तेव्हा."

"मग वळलीस का नाहीस?"

"ऐकू आलं म्हणूनच."

तिने बॅगेची चेन ओढली. "आता उगाच कोर्ट भरवू नकोस. गाडीत बस."

मी बसले. तो गाडी चालवत होता. सावकाश, छान.

याला चार वर्षं झाली. नातेवाईक म्हणतात, जावईबापू सुधारले. बहीण अंगाने भरलीय. तो तिला चहा करून देतो. मी त्यांच्या घरी जाणं जवळजवळ सोडलंय. गेले तर दाराजवळची खुर्ची घेते.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"सुट्टीत डोंगरावर जातोय. तुलाही यायचंय."

"कुठे?"

"तिथेच. यांनीच सुचवलं. म्हणाले, ताईंना या वेळी तळ्यात उतरवू."

फोनवर तिच्या मागे कोणीतरी कपबशा विसळत होतं. अगदी हळू.

"सगळ्यांना नावं ठेवत असतेस, ताई," ती म्हणाली. आवाज प्रेमळ होता. "किती दमत असशील... ये. तुलाही बरं वाटेल."