एका गाठीचा दोरा

मी लिहिते आहे ते खरं आहे. कुणाला पटवून द्यायची माझ्यात आता ताकद नाही. पण यात एकही गोष्ट पदरची घातलेली नाही, एवढं सांगते.

अशी गोष्ट म्हटली की लोक आधी विचारतात, रात्री किती वाजता झालं?

रात्री आमच्या घरात कधीच काही झालं नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. गेल्या मार्चमध्ये, नगरला, सावेडीतल्या आमच्या बंगल्यात. बाहेर रिक्षा चालू होत्या. समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या.

माझे वडील इसहाक. टेक्निकल शाळेत शिकवायचे. त्यांना जुन्या यंत्रांचं वेड होतं. घरात व्हॉल्व्हचा रेडिओ, चावीचं भिंतीवरचं घड्याळ, पायाचं शिलाई मशीन. शोकेसमध्ये पत्र्याच्या इवल्या मोटारी, त्यांनी स्वतः कापून, जोडून, रंगवलेल्या. त्यांची दारंसुद्धा उघडायची.

आणि पोर्चमध्ये खरी फियाट. साठ सालाच्या आसपासची. घरी आणल्यापासून ती एकदाही सुरू झाली नव्हती.

पप्पांची एक पद्धत होती. एका यंत्राला पार्ट हवा असला की ते घरातल्या दुसऱ्या, चालू यंत्रातून काढायचे. काढलेल्या जागी पांढरा दोरा बांधायचे. एक गाठ.

दोरा म्हणजे उसनं.

काम झालं की पार्ट परत जागेवर जायचा. सोडलेला दोरा पोर्चमधल्या खिळ्याला अडकवून ठेवायचे, पुढच्या वेळी लागेल म्हणून.

"अहो, माझ्या मशीनचा पट्टा कुठंय?" आई ओरडायची.

"उसना घेतलाय. दोरा बांधलाय ना?"

"मग काय दोऱ्याने ब्लाउज शिवू?"

"दोऱ्यानेच शिवतात, मेरी."

आई चिडायची, पण बाहेर कुणी नावं ठेवली तर म्हणायची, "आमच्या ह्यांनी आजवर कुणाचं उसनं बुडवलेलं नाही."

फियाटच्या कामाला त्यांना आईच लागायची. पप्पा बॉनेटमध्ये वाकलेले, आई ड्रायव्हरच्या सीटवर. ते पान्याने दोनदा ठोकायचे. ठक... ठक. म्हणजे सेल्फ मार. एकदा ठोकलं की थांब. मला किंवा माझ्या धाकट्या भावाला, एडविनला, त्यांनी त्या सीटवर कधी बसवलं नाही. आमचा हात घाईचा, म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी आईला पेसमेकर बसवला. डॉक्टरांनी पप्पांना हातात नमुना दिला. काडेपेटीएवढं यंत्र. पप्पांनी ते उलटंसुलटं करून इतका वेळ पाहिलं की नर्स हसायला लागली.

"मेरी, घरातलं सगळ्यात भारी मशीन आता तुझ्यात आहे."

"ह्याला तेवढा दोरा बांधू नका म्हणजे झालं," आई म्हणाली.

आम्ही सगळेच हसलो. डॉक्टरसुद्धा.

पप्पा नाताळच्या आधी गेले. दुपारीच. त्यांनी दोनदा ठोकलं, आईने सेल्फ मारला. गाडी सुरू झाली नाही. आई एका ठोक्याची वाट बघत बसली. थांब म्हणाले नाहीत, म्हणून ती मारत राहिली. बॅटरी उतरली तेव्हा ती गाडीतून खाली आली...

पप्पा इंजिनवर पालथे पडलेले होते. केव्हाचेच.

दफनानंतर एडविनने फियाटची बॅटरी काढून विकून टाकली. मी पुण्याची नोकरी सोडून आईजवळ राहायला आले.

आई फारशी बोलायची नाही. दुपारी जेवण झालं की पोर्चमधल्या खुर्चीत बसायची. गाडीकडे तोंड करून.

मार्चमधल्या एका दुपारी मला घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

बराच वेळ कळेना काय ते.

मग लक्षात आलं... घड्याळाची टिकटिक नव्हती.

मी झाकण उघडलं. आतली स्प्रिंग नव्हती. स्प्रिंगच्या जागी पांढरा दोरा होता.

एक गाठ.

मला वाटलं, आईनेच केलं. दुःखात माणूस काहीही करतं. मी तिला काही बोलले नाही.

दोन दिवसांनी शिलाई मशीनचा पट्टा गेला. चाकाला दोरा.

"आई, हे तू करतेस का?"

आईने दोऱ्यावरून बोट फिरवलं. पप्पा गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

"मला अशी गाठ येते का गं? ही त्यांची गाठ आहे."

"आई, पप्पा गेलेत."

"गेलेत. पण काम अर्धं राहिलंय ना."

मग रेडिओचा एक व्हॉल्व्ह गेला. त्या दुपारी मी आतल्या खोलीत वाचत पडले होते. पोर्चमध्ये पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. अलगद. पप्पा तसाच ठेवायचे, फरशीला टवका जाऊ नये म्हणून.

मी पुस्तक मिटलं.

काहीच नाही. कावळासुद्धा नाही.

आणि मग...

ठक... ठक.

मी धावत बाहेर गेले. पोर्चमध्ये कुणी नव्हतं. आई तिच्या खुर्चीत होती, पण अर्धी उठलेली. उजवा हात पुढे आलेला.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "बोलावतायत."

मी तिला आत नेऊन बसवलं. परत आले आणि फियाटचं बॉनेट उघडलं.

तीन महिने कुणी हात न लावलेलं इंजिन लख्ख पुसलेलं होतं. पंख्यावर मशीनचा चामडी पट्टा चढवलेला होता. कार्बोरेटरजवळ घड्याळाची स्प्रिंग बसवली होती. शेजारी रेडिओचा व्हॉल्व्ह. ह्यांतलं एकही मोटारीत बसणारं नव्हतं. तरी सगळं घट्ट, नीट, जागच्या जागी बसलेलं होतं.

मधोमध एक जागा रिकामी होती. चारी बाजूंनी घासून तयार केलेली.

काडेपेटीएवढी.



मी ते पार्ट उपटून काढायचा प्रयत्न केला. नखं तुटली. काहीच हललं नाही.

मी एडविनला फोन लावला.

"गाडी आजच्या आज घरातून काढ."

"ताई, एवढी काय घाई? गिऱ्हाईक बघतोय ना मी."

"फुकट दे. भंगारात घाल. आईला ती गाडी घेऊन जाईल."

तो हळूच म्हणाला, "ताई, तू नीट झोपतेस ना?"

तरी त्याने सोय केली. श्रीगोंद्याजवळ काष्टीला काकासाहेब म्हणून एक ऊसवाले बागायतदार होते. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाले.

रविवारपर्यंत आईला गाडीपासून लांब ठेवायचं. बस, माझं एवढंच काम होतं.

मी फियाटची दारं लॉक केली. किल्ली माझ्या गळ्यातल्या क्रॉसच्या साखळीत ओवली. दुपारभर आईच्या पलंगाला टेकून बसायचे. मधल्या एका दिवशी तिला दवाखान्यात तपासूनही आणलं.

"उत्तम चाललंय," डॉक्टर म्हणाले. "ह्या बॅटरीला अजून सहा वर्षं बघायला नको."

रिक्षात आई म्हणाली, "रूथ, त्यांनी मागितलं तर मी नाही कशी म्हणू?"

"आई, असलं बोलू नको."

"उसनंच तर घेतात. परत देतात."

"आणि माझं काय?" मी विचारलं. मला ते विचारायचं नव्हतं.

आईने माझा हात धरला. मग रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं.

शनिवारी दुपारी आईला झोप लागली. घोरत होती. मी गॅसवर चहा ठेवला. स्वयंपाकघर ते तिची खोली, मध्ये एक भिंत. घोरणं मला ऐकू येत होतं.

चहाला उकळी आली. मी गॅस बंद केला.

शांत.

घोरणं नव्हतं...

ठक... ठक.

मग सेल्फचा आवाज. आणि इंजिन सुरू झालं.

बॅटरी नव्हती. टाकीत पेट्रोल नव्हतं. किल्ली माझ्या गळ्यात होती.

माझ्या जन्मात मी ते इंजिन पहिल्यांदा ऐकत होते. फार सुरेख आवाज होता. एका लयीत, न अडखळता.

मी पोर्चमध्ये पोचले तेव्हा आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. पाठ ताठ, उजवा हात पुढे. डोळे उघडे. डोळ्यांत आपण काम नीट केल्याचा आनंद होता, तो तसाच राहिला होता.

डाव्या खांद्याखाली, पेसमेकर बसवला तिथे, ब्लाउजवर पांढरा दोरा होता.

एक गाठ.

मी किल्ली लावून पाहिली, दार ओढलं, काच बडवली. दार उघडेना. इंजिन चालूच. मला दुसरं काही सुचलं नाही. मी बॉनेटवर एकदा ठोकलं.

इंजिन थांबलं. दार आपोआप उघडलं.

पेसमेकर जागच्या जागी होता, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलं. "आश्चर्य आहे," म्हणाले. "एवढी बॅटरी बाकी असून पार रिकामं केल्यासारखं आहे."

आईला अंघोळ घालायला चर्चमधल्या रंगुबाई आल्या होत्या. कपडे बदलताना त्या थबकल्या. ब्लाउज काढला तरी दोरा तिथेच होता. कातडीला.

"रूथ, ह्यो दोरा कशाचा गं? तुटंना, निघंना."

"राहू द्या, मावशी."

आई त्या दोऱ्यासकट पुरली गेली. पप्पांच्या शेजारी.

काकासाहेबांनी रविवारऐवजी पुढच्या आठवड्यात गाडी नेली. आईचं उसनं त्या गाडीत होतं, म्हणून मी त्यांना नेऊ नका म्हणाले. एडविनने मला आत पाठवलं. त्यांचा पहिला फोन खुशीचा होता.

"ताई, गाडी लई झ्याक हाय! एका सेल्फमदी सुरू हुती. तुमच्या वडलांचा हात म्हंजे हातच हुता बगा."

पुढे दोन महिने काही झालं नाही. मी घर आवरत होते. पप्पांच्या पत्र्याच्या मोटारी कागदात गुंडाळून ठेवल्या. रडायचं होतं, पण रडू येत नव्हतं. आपल्याकडे आई-पप्पांनी काहीच मागितलं नाही, एवढंच मनात यायचं.

मे महिन्यात काकासाहेबांचा पुन्हा फोन आला. आवाज उतरलेला.

"ताई, गाडी आठवडी बाजारात बंद पडली. आता नावच घेईना. मिस्त्रीनं बॉनेट उगडलं तर आतलं तीन-चार पार्ट गायब. कुनी काडलं, कवा काडलं, काय कळंना."

"कधी बंद पडली?"

"ही आत्ता. जेवनं झाल्यावर."

मी फोन ठेवला.

घरात टिकटिक येत होती.

घड्याळ चालू होतं. आत स्प्रिंग होती. शिलाई मशीनला पट्टा होता. रेडिओ मी लावला नव्हता, तरी आतला दिवा हळूहळू पिवळा होत होता.

पप्पांचं काम झालं होतं. घेतलेलं त्यांनी परत केलं होतं.

मी पोर्चमध्ये गेले. माझी नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. खिळ्याला सोडलेले दोरे अडकवले होते. घड्याळाचा. मशीनचा. रेडिओचा.

आणि...

चौथा.

चौथ्या दोऱ्याला माती होती. ओली माती. मे महिन्यात नगरला ओली माती कुठे असते? खोल असते.

कब्रस्तानापर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. ऊन रणरणत होतं. राखण करणारे छगनमामा फाटकाजवळच्या सावलीत उभे होते. मला बघून त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

"ताई, बरं झालं आल्या. तुमच्या आईच्या तिकडं घूस लागलीय वाटतं. मगाधरनं आवाज येतोय."

"कसला आवाज?"

"आता काय सांगू... आतून ठोकल्यावानी."

मी आईच्या कबरीवर आडवी झाले. माती तापली होती. मी कान लावला.

आधी काहीच नाही.

मग खालून, अगदी खालून...

ठक... ठक.

"मामा, फावडं द्या."

"न्हाई ताई, असं करता येत न्हाई. परवानगी लागती. आन् दोन म्हयने झाले ताई..." ते दोन पावलं मागे सरले. "काय काढनार तुमी?"



मी बाजूचा दगड उचलला. कबरीवर एकदा ठोकलं. आई, थांब.

खाली शांत झालं.

मी थोडा वेळ तशीच पडून राहिले. छगनमामा लांब जाऊन उभे होते. वाऱ्याने पप्पांच्या कबरीवरची सुकी फुलं हलली. मला वाटलं, ऐकलं तिने.

ठक... ठक.

ठक... ठक.

एडविनला मी सांगितलं. तो मला डॉक्टरकडे घेऊन गेला. छगनमामांनी ते काम सोडलं. परवानगीचा अर्ज मी लिहिते आणि फाडते. उघडल्यावर काय असेल, ह्याची मला भीती वाटते. ती अजून तशीच बसलेली असेल, हात पुढे करून, कुणीतरी थांब म्हणायची वाट बघत.

मी रोज दुपारी जाते. रोज एकदा ठोकते.

माझं ती ऐकत नाही.

डॉक्टरांचे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. ह्या बॅटरीला अजून सहा वर्षं बघायला नको.