बोराचा ‘आधीचा’ फोटो

लिफ्टचं दार मिटता मिटता बोराच्या मास्कची नाडी तटकन तुटली आणि गालांवरचे काळे डाग उघडे पडले. लिफ्टमध्ये नेमका एक तरुण उभा! त्यानं बघितलं... जरा जास्तच वेळ बघितलं.

“काय बघताय?”

“काही नाही... मास्क पडला तुमचा.”

“दिसतंय मला!”

कुणी नीट बोललं की बोरा आधी पर्स चाचपायची. का नाही चाचपणार? तीन वर्षं सर्व्हेच्या नोकरीत सोल शहरातले रस्ते मोजत ती उन्हातान्हात उभी राहिली, गालांवर डाग आले. गेल्या हिवाळ्यात एका क्लिनिकमध्ये तिनं लेझर करून घेतलं, दहा वेळा! उन्हाळा आला तसे डाग परत हजर, आणि पहिल्यापेक्षा गडद. आता या दुसऱ्या क्लिनिकचं मशीन म्हणे वेगळं. करावं की नाही, ते आज ठरवायचं होतं. पुन्हा फसायची तिची मुळीच तयारी नव्हती.

आठव्या मजल्यावर दोघं एकाच दारातून आत गेली. क्लिनिकच्या मॅनेजर को बाई तोंडभर हसल्या. “या, या! आधी फोटो काढून घेऊ हं. मुनहो, मॅडमना आत ने.”

कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला तो लिफ्टमधलाच! बोराच्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे ते बघणंसुद्धा नोकरीचाच भाग तर!

“हनुवटी जरा खाली... हसू नका.”

“हसतंय कोण? भिंतीवरच्या ‘आधी-नंतर’ फोटोंत ‘आधी’च्या सगळ्या बायका रडवेल्या का दिसतात, कळलं मला. दिवे वरून मारता ना?”

तो थबकला. “हो. तसंच सांगितलेलं असतं.”

एवढं सरळ उत्तर? नक्कीच काहीतरी काळंबेरं असणार. त्यानं दिवा सरकवला, फोटो काढला. पुन्हा सरकवला, पुन्हा काढला.

“आठ झाले! डाग नीट येत नाहीयेत का?”

त्यानं तोंड कॅमेऱ्यामागे लपवलं. कान मात्र लाल झाले.

“बरं, तुम्हीच सांगा,” तिनं खडा टाकून पाहिला, “करू लेझर?”

“काम उन्हातलं आहे?”

“रस्ते मोजते.”

“मग... फिके होतील. पण तुमच्यासारखे बरेच जण वर्षभरात परत येतात. मीच काढतो त्यांचे फोटो.”

“वा! खरं बोलून आधी विश्वास कमवायचा, मग पॅकेज गळ्यात मारायचं!”

“मला पॅकेजमागे काही मिळत नाही हो.”

“असं सगळेच म्हणतात.”

तेवढ्यात को बाई आल्या आणि स्क्रीनकडे बघून उखडल्याच. “अरे, हे काय? मी ‘आधी’चा मागितला, तू ‘नंतर’चा काढलास! दोन हजार फोटो काढलेस, कधी चुकला नाहीस. आजच काय झालं तुला?”

बोरानं वाकून बघितलं. डाग होते की! सगळेच्या सगळे होते. पण त्यातली मुलगी कुणाकडे तरी बघत होती, आणि हसू ओठांवर यायचंच बाकी होतं. स्वतःचा असा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. आणि दोन हजारांत एकदाच... तेही को बाईंच्या तोंडून! त्या कशाला त्याची बाजू घेतील?

“लेझर नको मला,” ती म्हणाली. “रुंद काठाची टोपी घेईन.”

को बाईंचं हसू मावळलं. मुनहो धावतच लिफ्टपर्यंत आला.

“रागावलात?”

“दोन हजारांत एकदाच? खरं?”

“एकदाच.” त्यानं लिफ्टचं दार हातानं अडवलं. “तुम्ही आवडलात मला... लिफ्टमध्येच. मग तुम्हाला वाईट कसं दाखवू?”

बोराच्या छातीत धडधडलं. पण सवय थोडीच जाते?

“शनिवारी दुपारी बाराला हान नदीकाठी या. भर उन्हात. तिथेही असंच बघता येतं का, ते मला बघायचंय.”

“साडेअकरालाच येतो!”

शनिवारी, खात्री करायची म्हणून, बोरा अकरालाच जाऊन पोचली. तो केव्हाचा येऊन बसला होता... उन्हानं डोळे बारीक करून, तिच्याच वाटेकडे बघत.