बंद प्रेसचा ठोका

पैज लावतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. भोसरीत अजून एकाचाही बसलेला नाही. पण घडलं ते घडलं.

गेला गुरुवार. भर दुपार.

माझं हृदय मध्येच एखादा ठोका खातं. म्हणून त्या सकाळीच चिंचवडच्या डॉक्टरांनी छातीला वायरी चिकटवून कमरेला ठोके नोंदवणारं छोटं मशीन बांधलं. दुसऱ्या दिवसापर्यंत काढायचं नाही, रोजची कामं करत राहा म्हणाले. ठोके फारच चुकत असतील तर छातीत कायमचं यंत्र बसवावं लागेल, असंही म्हणाले. माझी बायको कस्तुरा तिथंच रडली.

माझं रोजचं काम म्हणजे प्रेस शॉप, पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या मशिनी. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, लाइट बंद. ऑइलिंगला मी एकटाच गेलो.

शटर वर केलं. सगळं शांत...

छातीतला एक ठोका चुकला.

आणि बंद प्रेस खाली आला... धाड.

तेलाचा डबा पापडासारखा चपटा.

वीज नाही, मोटर फिरत नाही. पुन्हा ठोका चुकला... पुन्हा धाड.

मग भिवा दिसला.

भिवा आमचा जुना ऑपरेटर. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून. यानं घाईपायी एका बटणात पाचर ठोकली. मोकळा हात आत राहिला... रक्त थांबलंच नाही, गेला राव.

त्याच्या उजव्या मनगटाखाली काही नव्हतं. तरी माझ्या गळ्यावर पाच बोटं आवळली.

मला उचलून प्रेसच्या डायवर, त्या लोखंडी साच्यावर आपटलं. परत आपटलं. पाठ फुटली, दात हलले.

"भीमराज, तुझे ठोके मला दे."

मी पान्यानं तोंडावर हाणलं... पाना आरपार गेला.

मग त्यानं वायरी मुठीत धरल्या आणि कातडीसकट ओरबाडून काढल्या. मशीन भिंतीवर भिरकावलं.

पुढचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मशीन जमा करून घेणाऱ्या मिनलनं विचारलं, रेकॉर्डिंग दुपारीच कसं थांबलं? तिलाही हेच सगळं सांगितलं. बाकावरचे पेशंट श्वास रोखून ऐकत होते. कस्तुरा मान खाली घालून बसली होती.

मिनलनं पिशवीतून मशीन बाहेर काढलं.

"काका, भुतानं ओरबाडलं म्हणता. मग वायरी पुसून, गोल गुंडाळून वर रबर कुणी लावला? बसा इथं. शर्ट काढा, मशीन परत लावते."