मध्यंतरानंतरचा पडदा

नौपाड्यातून मेहुण्याचा प्रोजेक्टर उचलायचा आणि अंधार पडायच्या आत डोंबिवलीला पोचायचं, एवढंच काय ते काम होतं. पण साध्या कामाचा सोहळा केला नाही, तर ते गुरुदत्त कसले! सकाळपासून ते गाडीच्या पुढच्या सीटवर उशा रचून बघत होते. त्यांची बायको हेमांगी हसून हसून दमली.

"अहो, प्रोजेक्टर आणायचाय. बाळंतीण नाही."

मेहुणा साकेत हेमांगीचाच भाऊ. एखादी वस्तू नुसती हातात ठेवून गप्प बसणं त्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही. पोळ्यांच्या डब्याएवढं ते यंत्र टेबलावर ठेवून त्याने शिकवणी सुरू केली.

"भाऊजी, नीट ऐका. ल्युमेन्स म्हणजे उजेड किती पडतो ते. याचे बेताचेच आहेत, म्हणून अंधार झाल्याशिवाय लावू नका. तिरकं ठेवलंत तर चित्र एका बाजूला फाकतं, ते कीस्टोनने चौकोनी करायचं. फोकस तो स्वतःच करतो. आणि बंद केल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत उचलायचं नाही, काय?"

गुरुदत्तांनी मान डोलावली. निम्मं डोक्यावरून गेलं होतं. पण अज्ञान दिसू नये म्हणून त्यांनी मेनूवर बोट ठेवून विचारलं, "आणि हे फ्रंट, रिअर?"

"रिअर म्हणजे मशीन पडद्याच्या मागे ठेवायचं असेल तेव्हा. मग तो चित्र आरशातल्यासारखं उलटं टाकतो, म्हणजे पलीकडच्यांना सुलटं दिसतं. तुम्हाला त्याचं काही काम नाही. प्लीज हात लावू नका."

पुढच्या सीटवर, उशांच्या मधोमध, बेल्ट लावून प्रोजेक्टर बसला आणि हेमांगीची रवानगी मागे झाली. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. दर खड्ड्याला गुरुदत्तांचा डावा हात आपोआप प्रोजेक्टरवर जायचा.

"संसार झाला आपला," मागून हेमांगी म्हणाली, "पण माझ्यासाठी असा हात कधी पुढे आला नाही हो."

आता ही सगळी उठाठेव कशासाठी, तर गुरुदत्तांच्या आईसाठी. सरोजताई डोंबिवली पूर्वेला, जुन्या तीन मजली इमारतीत एकट्या राहत. दिवाळीनंतर नवी बांधायला ती इमारत पाडणार होते. बाकीच्यांनी भाड्याची घरं बघितली होती, सामान बांधलं होतं. गुरुदत्तांनी कोपरीच्या आपल्या अकराव्या मजल्यावर आईसाठी खोलीही रंगवून घेतली होती. पण आई जागची हलेना. समोरची तशीच इमारत गेल्या वर्षी पाडली. तिथल्या विमलाबाई आईच्या जिवाभावाच्या. दोघींचा जन्म या गॅलरीतून त्या गॅलरीत बोलण्यात गेला. विमलाबाई कल्याणला भाड्याच्या घरात गेल्या, आणि काही महिन्यांतच त्या गेल्याची बातमी आली. त्या दिवसापासून सरोजताईंचं हसणं आटलं.

"समोर बोलायला माणूस नाही, मग जीव कशावर तगेल रे?" त्या विचारायच्या. "तुझ्या कोपरीला गॅलरीसमोर कोण आहे, सांग."

कोणीच नव्हतं. आईला उचलून, रडवून न्यायचं गुरुदत्तांच्या जिवावर आलं होतं. म्हणून त्यांनी ही शक्कल काढली होती. पूर्वी गणपतीत दोन इमारतींच्या मधल्या अंगणात चादर बांधून सिनेमा दाखवायचे, तसाच एकदा शेवटचा दाखवायचा. आई हसेल, मन हलकं होईल, आणि त्याच ओघात तिला गाडीत बसवायचं.

दिवेलागणीला अंगणात सतरंज्या पडल्या. नारळाच्या झाडापासून पलीकडच्या लोखंडी खांबापर्यंत दोरी ताणून पांढरी डबल चादर टाचली. चादरीच्या मागे दोन हातांवर पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे खड्डा. समोरची इमारत होती, तिथे आता पायासाठी खणलेला भलामोठा खड्डा. ओल्या मातीचा, गंजक्या सळयांचा वास तिकडून हळूहळू येत होता. हेमांगीने बटाटेवडे तळून आणले होते, म्हणून तो वास कुणाच्या फारसा लक्षात आला नाही.

प्रोजेक्टर सुरू झाला. पंख्याची बारीक घरघर, चादरीवर चौकोनी, स्वच्छ चित्र. गुरुदत्तांची छाती फुगली. जुना विनोदी मराठी सिनेमा, माणसं पहिल्या प्रसंगापासून खिदळायला लागली. तळमजल्यावरचे परशुरामकाका तर हसताना ठसका लागून लाल झाले. फक्त सरोजताई वेताच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही नाही. गुरुदत्त पडद्याकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होते, आणि मनातून खचत चालले होते.

मग पडद्यावर 'मध्यंतर' अशी पाटी आली. आली ती सुलटी. क्षणभराने अक्षरं हलली आणि उलटी झाली, आरशात दिसावीत तशी.

"गुरू, काय केलंस रे?" परशुरामकाका ओरडले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

हशा पिकला. गुरुदत्तांनी रिमोट घेतला. मेनूत 'रिअर' झालं होतं. त्यांनी 'फ्रंट' केलं, चित्र सुलटं झालं, पाटी गेली आणि सिनेमा पुढे सरकला. रिमोट त्यांनी खुर्चीवर ठेवला. हात काढून घेतला. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मेनू आपला आपण उघडला, निवडीची पट्टी एक घर खाली उतरली... चित्र पुन्हा उलटं.

त्यांनी रिमोटमधले सेल काढून खिशात टाकले आणि यंत्रावरचंच बटण दाबून चित्र सुलटं केलं. या वेळी ते तेवढंही टिकलं नाही.

हेमांगी जवळ आली. "अहो... ऐकलंत का?"

"काय?"

"आपली माणसं गप्प आहेत. मग हसतंय कोण?"

खरंच. अंगणात कुणीच हसत नव्हतं. उलट्या चित्रामुळे सगळे चुळबुळत होते. आणि तरी हसू ऐकू येत होतं. चादरीच्या मागून, पत्र्याच्याही मागून, खड्ड्यातून वर येणारं. पुष्कळ माणसांचं मिळून हसू, त्यात भांड्याचा आवाज, कुणाचं तरी तान्हं किरकिरणारं, आणि सगळ्यांवर ताण एका बाईचा खणखणीत आवाज. शब्द कळत नव्हते. अंगणातली चुळबुळ थांबली. परशुरामकाकांच्या हातातला वडा हातातच राहिला.

"चूक आपलीच आहे," सरोजताई म्हणाल्या. त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या. "तुम्ही तेव्हा पोरं होतात, झोपून जायचात मध्यंतरापर्यंत. चादर मध्ये, आपण इकडे, समोरचे तिकडे. त्यांना सगळं उलटं दिसायचं. विमल भांडली होती त्यावरून, वर्गणी आमचीही आहे म्हणाली. तेव्हापासून ठरलं होतं. मध्यंतरात मशीन उचलायचं आणि त्यांच्या बाजूला न्यायचं. अर्धा सिनेमा आपला, अर्धा त्यांचा."

गुरुदत्तांचं बोट पुन्हा यंत्राच्या बटणावर गेलं.

"राहू दे तसंच, गुरू," त्या हळूच म्हणाल्या. "आता त्यांची पाळी आहे."

गुरुदत्तांनी बटणावरचं बोट काढलं. उरलेला सिनेमा सगळ्यांनी उलटा पाहिला. उठून जायची हिंमत कुणालाच झाली नाही. पण काय सांगावं, थोड्या वेळाने भीती जरा बोथट झाली. पलीकडे हसू फुटलं की इकडेही फुटायला लागलं. आणि एका जागी, जिथे पलीकडून तो खणखणीत आवाज काहीतरी म्हणाला, तिथे सरोजताई पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा. गुरुदत्तांना एकाच वेळी रडू आलं आणि थंडी वाजली.

सिनेमा संपला. पंखा थांबेपर्यंत यंत्र उचलायचं नाही, हे मात्र त्यांना पक्कं आठवलं. तेवढ्या वेळात आई वर जाऊन पिशवी भरून खाली आली.

"चल. येते मी कोपरीला."

"खरंच, आई?"

"हो. गॅलरीसमोर कोणी नाही ना तुझ्या? मोकळं आहे?"

"अगं... अकरावा मजला. नुसती हवा आहे समोर."

"ऐसपैस आहे की नाही, तेवढं सांग. पुष्कळ जणं आहेत." मग त्यांनी चादरीकडे बघून पत्ता सांगितला. इमारतीचं नाव, मजला, स्टेशनकडून येण्याची खूण. नव्याने येणाऱ्या पाहुण्याला सांगावा तसा, सावकाश, दोनदा.

आता सरोजताई कोपरीला रमल्या आहेत. दोन वेळा पोटभर जेवतात, हेमांगीच्या आमटीला नावं ठेवतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे. प्रोजेक्टर साकेतकडे परत गेला. साकेतने त्याची तपासणी करून घेतली, काही बिघाड निघाला नाही. घरात आता एकच नवी पद्धत पडली आहे. संध्याकाळी टीव्हीवर काहीही लावलं, तरी ते अर्ध्यावर आलं की टीव्हीचं तोंड फिरवून गॅलरीकडे करायचं. घरच्यांनी उरलेलं नुसतं ऐकायचं. सुरुवातीला हेमांगी कुरकुरली, मग सासूबाईंचं हसू बघून तिनेच टीव्हीखाली फिरतं स्टँड बसवून घेतलं.

परवा क्रिकेटची मॅच होती. पहिला डाव संपला, दुसरा सुरू झाला, आणि गुरुदत्त इतके रंगून गेले की टीव्ही फिरवायचं विसरले. आई आत देवापाशी होती, हेमांगी स्वयंपाकघरात. गॅलरीचं दार बंद, बाहेर काळोख.

काचेवर बांगडी वाजली. बाहेरून, हलकेच, ओळखीच्या माणसाने वाजवावी तशी.

गुरुदत्त उठले आणि त्यांनी मुकाट्याने टीव्ही फिरवला.