पलीकडच्या कडेवरचे ओरखडे

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन आला. सामुद्रधुनीपाशी बर्फ फुटून कोणीतरी बुडालं होतं. फोन करणाऱ्याचं नाव रेयो हाक्काराइनन, नगरपालिकेचा सुरक्षा अधिकारी. आवाज इतका नीटनेटका होता, की तो हवामानाचा अंदाज वाचतोय असं वाटावं.

गावची पोलीस अधिकारी तुइरे सालमेला सर्वांत आधी पोहोचली. मार्चचं स्वच्छ ऊन होतं आणि पहाटे बोटभर नवा बर्फ भुरभुरला होता. तिनं किनाऱ्यावरच दोरी बांधली आणि बघ्यांना अडवलं. बर्फावरचे ठसे बिघडू नयेत म्हणून पाणबुड्यांनाही तिनं बेटाच्या बाजूनं होडी आणायला लावली. अर्ध्या तासानं त्यांनी प्रेत वर काढलं.

त्या हेल्वी नुर्मेलाबाई होत्या.

गावात कोणाचा विश्वास बसेना. एकाहत्तर वर्षांच्या या बाईंनी तीस वर्षं शाळेतल्या पोरांना बर्फ शिकवला होता. दर वसंतात त्या बर्फात चौकोनी भोक पाडायच्या आणि एकेका पोराला कपड्यांसकट आत उडी मारून स्वतःच वर यायला लावायच्या. नऊ वर्षांची तुइरेही त्या पाण्यात पडली होती आणि रडत रडत बाहेर आली होती.

किनाऱ्यावर कुजबुज सुरू झाली. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं आणि शेवटी स्वतःच पडल्या, असं कोणीतरी म्हणालं. कोणीतरी हसलंसुद्धा. तुइरेनं त्या दिशेला फक्त एकदा पाहिलं.

मग ती दोरीपलीकडे गेली. किनाऱ्यापासून सामुद्रधुनीच्या मध्याकडे एका रेषेत बर्फात चार भोकं पाडलेली होती, दर वीस पावलांवर एक. शेवटच्या भोकाशेजारी बाईंचं बर्फाला भोक पाडायचं हातगिरमिट आडवं पडलं होतं. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं लांब, वरच्या टोकाला लाकडी गोल मूठ. तिथून तीन पावलांवर बर्फ फुटला होता.

तुइरेनं भोकांत पट्टी घातली. बर्फ चव्वेचाळीस सेंटिमीटर भरला, मग अडतीस, मग सत्तावीस, मग पंधरा. किनाऱ्याकडची फुटलेली कड दहा सेंटिमीटर जाड होती. त्या कडेवर बुटांचे दोन ठसे होते, शेजारीशेजारी, खोल दबलेले. पलीकडे, प्रवाहाच्या बाजूला, बर्फ पापडासारखा होता. तो दोन मीटरपर्यंत मोडत गेला होता आणि शेवटच्या कडेवर ओरखडेच ओरखडे होते.

बाईंच्या दोन्ही मुठींत लोखंडी टोचे घट्ट धरलेले होते. बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचे ते टोचे त्या कायम गळ्यात घालायच्या. डॉक्टरांनी डाव्या खांद्यावरचे दोन गोल निळे डाग दाखवले. बर्फाची कड लागली असेल, असं त्यांना वाटत होतं.

हाक्काराइनन गाडीपाशी उभा होता. धिप्पाड, शंभर किलोचा माणूस, अंगावर नगरपालिकेचं चकचकीत पिवळं जाकीट. दोन वर्षांपूर्वी त्यानं ‘सुरक्षित हिवाळा’ नावाची पुस्तिका काढली होती आणि मुखपृष्ठावर स्वतःचाच फोटो छापला होता. त्या पुस्तिकेतल्या चुका लाल शाईनं दाखवून बाईंनी ती त्याला परत पाठवली होती. शनिवारी इथे बर्फावरच्या मासेमारीची स्पर्धा होती. तीनशे माणसं येणार होती आणि गाड्या सामुद्रधुनीवरून बेटापर्यंत जाणार होत्या. बर्फ सगळीकडे पंचेचाळीस सेंटिमीटर असल्याचा दाखला त्यानंच सही करून दिला होता.

तुइरेनं त्याला चौकीवर आणलं आणि कॉफी पुढे ठेवली. त्यानं कप अचूक बशीच्या मध्यावर सरकवला.

“तिकडे कशाला गेला होतात?” तिनं विचारलं.

“बर्फ मोजायला. दर आठवड्याला मोजतो.”

“काय पाहिलंत?”

“पाण्यावर टोपी तरंगत होती. बाई दिसतच नव्हत्या.”

“मग काय केलंत?”

“नियमाप्रमाणे. पोटावर झोपलो, वजन पसरलं, सरपटत कडेपर्यंत गेलो. हात घालून पाहिलं. उपयोग नव्हता.” मग तो जरा पुढे झुकला. “एक सांगू? या जुन्या लोकांना वाटतं आपल्याला सगळं येतं. वय झालं की माणसानं घरी बसावं.”

तुइरेनं ते लिहून घेतलं. तिच्या मनात त्याच्याबद्दल आता रागसुद्धा नव्हता. बुटाला काही चिकटलं की वाटतं तेवढंच वाटत होतं.

“बर्फ कशानं मोजणार होतात?”

“म्हणजे?”

“तुमच्या गाडीत पुस्तिकांची तीन खोकी आहेत. गिरमिट नाही. ऑफिसात विचारलं, तिथं विकत घेतलेलं एक आहे, पण त्याच्या पात्यावरचं कारखान्याचं वेष्टण अजून निघालेलं नाही.”

त्यानं कपाचा कान स्वतःकडे वळवला.

“आता मी सांगते,” तुइरे म्हणाली. “बाईंनी सकाळी चार भोकं पाडली आणि तुमचा दाखला खोटा आहे हे त्यांना कळलं. आठ वाजून पन्नास मिनिटांनी त्यांनी तुम्हाला फोन केला. फोन कंपनीकडे त्याची नोंद आहे. स्पर्धा रद्द करा, नाहीतर मी गावाला सांगते, एवढंच म्हणाल्या असतील. तुम्ही वीस मिनिटांत पोहोचलात. मदतीचा फोन मात्र दहा वाजून पाचला केलात.”

“हे सगळं तुमच्या मनाचं आहे.”

“पंधरा सेंटिमीटरला ज्यांचं गिरमिट थांबलं, त्या बाई ते खाली ठेवून पुढे तीन पावलं कशाला जातील? त्या गेल्या नाहीत, त्यांना ढकललं. आणि तुम्ही सरपटलाही नाहीत. नव्या बर्फावर पोट घासल्याची खूण नाही. कडेवर तुमच्या बुटांचे ठसे आहेत, उभ्या माणसाचे, एकाच जागी बराच वेळ उभं राहिल्याचे.”

“घाईत उभा राहिलो असेन. त्यानं काय सिद्ध होतं?”

“त्या कडेनं तुम्हाला पेललं हे सिद्ध होतं. शंभर किलो. बाई पंचावन्न किलोच्या होत्या. त्या कडेवरून त्या मिनिटभरात वर आल्या असत्या. आमच्या गावातल्या आठ वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, की पडल्यावर आलो त्याच बाजूला वळायचं, कारण त्याच बर्फानं आपल्याला तिथवर पेललेलं असतं. मग ओरखडे पलीकडे का? पापडासारख्या बर्फाकडे त्या का गेल्या?”

हाक्काराइनननं कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“कारण अलीकडच्या कडेवर तुम्ही उभे होतात,” तुइरे म्हणाली. “हातात त्यांचंच गिरमिट घेऊन. त्याची मूठ डॉक्टरांनी खांद्यावरच्या डागांवर लावून पाहिली. तंतोतंत बसते.”

तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज चिडका झाला होता, जणू अन्याय त्याच्यावरच झाला होता. पाच वर्षं दाखले असेच निघत होते आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. बाईंना लोकांसमोर त्याची फजिती करायची होती. त्यानं फक्त त्यांची बर्फाची मापं लिहिलेली वही ओढायला हात घातला, झटापट झाली आणि तोल जाऊन त्या पुढच्या पातळ बर्फावर गेल्या. वही त्याच्या ऑफिसातल्या कपाटात होती.

“आणि नंतर?”

“त्या वर येत होत्या.”

“बोलल्या काही?”

“मी गिरमिटाचा दांडा पुढे केला. त्यांना वाटलं, मी वाचवतोय. मूठ खांद्याला लागली तेव्हासुद्धा वाटलं, मला जमत नाहीये. सांगत होत्या. आधी पोटावर झोप, म्हणाल्या. पाय फाकव. मूठ माझ्या हाताकडे कर, खांद्याकडे नको. घाबरू नकोस, म्हणाल्या, अजून वेळ आहे.”

“मग?”

“मग दुसऱ्यांदा ढोसलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडे वळल्या.”

तुइरेनं लिहिणं थांबवलं.

“त्या सांगत होत्या ते तुम्हाला येत नव्हतं?”

“येत होतं,” हाक्काराइनन म्हणाला. “पुस्तिकेत आहे. पान अकरा.”

तिनं तेही लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला.